पाठीवरचा माझा चेहरा

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज तिसरा माणूस. नाक्यावर लाकडाची गाडी तपासत होते. चालक पास दाखवता दाखवता थांबला अन् म्हणाला, "मॅडम, घरी काही झालं का?"

काही झालं नव्हतं. सकाळी पोहे खाल्ले होते, चहा दोनदा झाला होता, गाडीतला माल पासाप्रमाणे होता. उलट खुशीत होते मी.

त्याआधी दूधवाला: "झोप नाई झाली वाटते." दुपारी रोपवनातल्या मजुरीण बाया: "रडल्या का बाई?"

हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. त्यांच्याच जागेवर वनरक्षक म्हणून लागले. रडायचं ते पहिल्या वर्षात रडून झालं. चेहऱ्याला मात्र कुणी कळवलेलं दिसत नाही.

ऑफिसच्या दैनंदिनीत लिहिलं: माझं बीट, म्हणजे वाट्याला आलेला जंगलाचा तुकडा, फिरले, आग अडवायच्या जाळरेषेवरचा पालापाचोळा काढून घेतला, एक वाहन तपासलं. बाकीचं तिथे लिहिता येत नाही, म्हणून ही दुसरी वही. साहेबांची सही लागत नाही हिला.

२३ फेब्रुवारी, रविवार

आरसा अंगणात नेला, उन्हात. घरातल्या बल्बखाली स्वतःला फसवता येतं.

दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाच्या हाडापर्यंत एकेक नाली. पाणी सोडलं तर वाहील. कातडी इतकी पातळ की निळी शीर दिसते. हसले की बारीक सुरकुत्या पडतात अन् हसणं संपलं तरी तिथेच बसून राहतात. वय सेहेचाळीस. हात-पाय पस्तिशीचे आहेत, रोज बारा-चौदा किलोमीटर चालते. डोळ्यांखालचं तेवढं कुण्या म्हातारीचं.

काकडी झाली, बटाटा झाला. शेवंताबाईनं दिलेलं टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल महिनाभर चोळलं, उशी तेवढी मऊ झाली. चारोळी दुधात वाटून लावली तर डावा डोळा सुजला. दोन दिवस काळा चष्मा लावून बीट फिरले, तर मडावी साहेब म्हणाले, "मॅडम, आज एकदम सिनेमा." आमचे वनपाल. चांगला माणूस, पण बोलायचं कधी ते कळत नाही. मग मोबाइलवर पाहून मागवलेली ती मलई. तिनं सालच निघाली.

आता डॉक्टर. लेकीला फोन केला, प्राची नागपुरात फार्मसी शिकते, तिला माहीत असेल कुणी.

"आई, हे काऊन करून राह्यली तू? कोणाले दाखवायचं हाये तुले?"

कोणाले. तिनं भुवया कोरून घेतल्या तेव्हा मी हे विचारलं नव्हतं.

१ मार्च, शनिवार

नागपूरच्या कुठल्याशा संस्थेकडून मुखवट्यांचा गठ्ठा आला. मोह पडायला लागेल आता, बाया पहाटे फुलं वेचायला जंगलात जातील, अन् आमच्या बीटात दोन पिल्लांची वाघीण आहे. वाघ मागून येतो. डोक्याच्या मागे माणसाचा चेहरा बांधला की त्याला वाटतं आपल्याकडे पाहून राह्यले, मग तो बिचकतो. बिचकतो म्हणतात.

गठ्ठा फोडला. पन्नास मुखवटे, पन्नासही एकच माणूस. गोरा, गालावर लाली, झुबकेदार मिशी.

शाळेच्या ओट्यावर बायांना बोलावलं. शेवंताबाई पुढे, बचत गटाची अध्यक्ष, तिच्यापुढे सरपंचही जपून बोलतो. मुखवटा हातात घेऊन उलटापालटा केला.

"हा बाप्या मी पाठीवर नाई घेत."

"काऊन?"

"समोर नवऱ्याचं तोंड, मागं ह्याचं. मंग मी पाहू कुठी?"

सगळ्या हसल्या. पण हसून झाल्यावर एकीनंही उचलला नाही. परका पुरुष केसांना बांधून जंगलात फिरायचं, अन् बाकीच्या गावानं पाहायचं. हे नागपुरात कुणाच्या डोक्यात आलं नसेल.

मी म्हटलं, बाईचा चेहरा छापून घेऊ. कुणाचा?

"तुमचाच घ्या न मॅडम. तुमाले वाघीण वळखते, रोज तिच्या घरावरून तर जाता."

विचार करते म्हटलं. ज्या चेहऱ्याचा इलाज शोधते आहे, तोच पन्नास वेळा छापायचा?

८ मार्च, शनिवार

महिला दिन. गावच्या सभागृहात सत्कार, नारळ, शाल, गुलाब. सूत्रसंचालन करणारी बाई तालुक्याची, आवाजात गहिवर तयारच होता. म्हणे, "ह्यांच्या डोळ्यांतच संघर्ष दिसतो. पतीच्या निधनानंतर दुःखाचा डोंगर…"

खाली बसलेल्या बायांनी चुकचुक केलं. माझ्या सत्काराला चुकचुक.

माइक दिला दोन शब्दांसाठी. मी म्हटलं, "डोळ्यांत संघर्ष नाही. डोळ्यांखाली खड्डे आहेत. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी नोकरी करते, जेवते, रात्री घोरते. माझी लेक म्हणते ट्रॅक्टरसारखी घोरते." अन् माइक परत दिला.

मागून फक्त शेवंताबाई हसली, मोठ्यानं.

नंतर त्या सूत्रसंचालक बाईनं माझा हात दाबला. "किती धैर्यानं दुःख लपवता तुम्ही."

बाहेर येऊन गाडीवर बसण्याआधीच चंद्रपूरच्या त्वचेच्या दवाखान्यात फोन लावला. १७ तारीख मिळाली. नारळ मडावी साहेबांना दिला.

१६ मार्च, रविवार. भद्रावती

जंगलात वणव्याचे दिवस, सुटी म्हणजे भीक मागितल्यासारखं. मडावी साहेबांनी दोन दिवस दिले. आज दादाकडे मुक्काम, उद्या सकाळच्या बसनं चंद्रपूर.

वहिनीला सांगितलं अन् चूक केली. पोळी तव्यावरच राहिली.

"लेकीचं लग्न करायचं वय झालं अन् तुमी सोताले सजवून राह्यल्या?"

"लेक एकोणीसची आहे वहिनी."

"तेच म्हणून राह्यली मी."

दादा टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "आईचे डोळे हायेत ते. आईसारखी फक्त तूच दिसतेस आता. तेबी पुसून टाकशील का?"

हे लागलं. आई गेली तेव्हापासून दादा माझ्याकडे कधी कधी पाहत बसतो, ते मला माहीत आहे. पण लागलं तरी बोलायचं ते बोलले. आईनं गुडघेही दिले. त्यांची गोळी मी रोज घेते. तेव्हा कुणी म्हणत नाही की आईचे गुडघे आहेत, दुखू दे.

"अन् दादा, तुझ्या मिशीले दर पंधरा दिवसांनी काळी मेंदी लागते, ते कोणाले दाखवाले?"

आधी वहिनी हसली. मेंदी तीच लावते. मग दादाही हसला, पण अर्धाच.

१७ मार्च, सोमवार

बसमध्ये लिहिते आहे, अक्षर हलेल.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान. बोलणं सरळ. आधी खोलीतला दिवा बंद केला, मग वरून एक लावला, मग बाजूनं. प्रत्येक वेळी फोटो. वरच्या उजेडातला फोटो पाहून मला स्वतःलाच विचारावंसं वाटलं, बाई, घरी काही झालं का.

खालच्या पापणीची कातडी चिमटीत धरून ओढली अन् सोडली. सावकाश परत गेली, घाई नसल्यासारखी. "लवचिकपणा कमी झालाय," म्हणाल्या. अन् विचारलं, "घरात कुणाला असे डोळे?"

"आईला."

"म्हातारपणी?"

"नाही. लग्नाच्या फोटोतही आहेत."

"मग हे रडण्याचं नाही अन् झोपेचंही नाही. हाडाची ठेवण आहे. वयानं तिथली चरबी उतरली, उन्हानं कातडी सुरकुतली."

हाडाची ठेवण. मी म्हटलं, हे कागदावर लिहून द्या. त्या हसल्या, त्यांना वाटलं मी गंमत करते.

त्यांनी जे सांगितलं ते विसरायच्या आत. खड्डा एक दुखणं, कातडी दुसरं, एका औषधानं दोन्ही होत नाहीत. खड्ड्यात जेल भरता येतं सुईनं. वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतं, नाही आवडलं तर विरघळवायचं इंजेक्शन असतं. पण माझ्यासारख्या पातळ कातडीखाली जास्त भरलं की निळसर दिसतं, फुगतं, म्हणून थोडंच. कातडीसाठी आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला वरचा भाग टोचायचा. दोन-तीनदा, महिन्याच्या अंतरानं. फरक हळू पडतो अन् किती पडेल ते कुणी लिहून देत नाही. नागपूरला ऑपरेशनही होतं, चरबी सरकवून खड्डा भरायचं. अन् लेझर.

"काम काय करता?"

"वनरक्षक."

"उन्हात किती तास?"

"दिवसाला असतात तेवढे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. लेझर तिथेच कटलं, त्यानंतर कित्येक आठवडे ऊन चालत नाही.

मग म्हणाल्या, "अजून एक. फार क्वचित, पण सुई रक्तवाहिनीत गेली तर नजर जाऊ शकते. हे सांगितल्याशिवाय मी सुई उचलत नाही."

माझी नोकरी म्हणजे नजरच आहे. पगमार्क, धूर, कापलेल्या बुंध्याचा ओला रंग. सगळं ह्या दोन डोळ्यांवर.

पण मला त्या आवडल्या. त्यांनी एकदाही "ह्या वयात" म्हटलं नाही. २१ एप्रिल दिली, मोहाचा जोर तोवर ओसरतो. तोपर्यंत सनस्क्रीन, टोपी, रात्री मुगाएवढी मलई. "विचार करून या. नाही आलात तरी चालेल."

२२ मार्च, शनिवार

मोह पडायला लागला. सकाळी झाडाखाली पिवळसर सडा, वास डोक्यात चढतो. मुखवट्यांशिवाय बाया जातायत, ते बरोबर नाही. शेवटी हो म्हटलं. काल शेवंताबाईनं माझ्याच मोबाइलवर माझा फोटो काढला, दुपारी बाराला, शाळेच्या भिंतीसमोर. "हसू नका, वाघाले हसून काय दाखवता."

आरमोरीला बंटीभाऊच्या फ्लेक्सच्या दुकानात दिला. जाड कागदावर पन्नास, वरून प्लास्टिक, डोक्याच्या मापाचे.

आज आणायला गेले. गठ्ठा उघडला अन् ओळखलंच नाही.

डोळ्यांखाली काही नाही. गुळगुळीत, भरलेलं, गुलाबी. नाली नाही, शीर नाही, सुरकुती नाही.

"हे काय केलं भाऊ?"

"सगळं काढून टाकलं मॅडम. फोकटात. सांगावं नाई लागत आपल्याकडे, सगळ्यांचंच काढतो. वाढदिवस, लग्न, निवडणूक. श्रद्धांजलीच्या बॅनरवरबी काढतो."

मेलेल्याच्या डोळ्यांखालचंही काढतो. ह्या माणसाला काय बोलणार, तो प्रेमानंच करतो.

अन् खरं लिहायचं तर इथेच लिहायचं. मला आवडला तो चेहरा. घरी येऊन एक समोर ठेवला अन् जेवताना पाहत होते. कुणी ह्या बाईला विचारणार नाही की घरी काही झालं का. एक पिशवीत टाकून ठेवला, डॉक्टरीणबाईंना दाखवायला.

२४ मार्च, सोमवार

मुखवटे वाटले. आधी चाचणी घेऊ म्हटलं. दहा बायांना बांधून झाडीत पाठवलं, चाळीस पावलांवर. वाकून वेचायचं नाही हे पुन्हा सांगितलं, वाकलं की मुखवटा आभाळाकडे पाहतो. उकिडवं बसायचं.

मी, मडावी साहेब अन् शेवंताबाई मागून पाहत.

आधी शेवंताबाई बोलली: "ह्याले डोळेच नाई."

खरंच नव्हते. झाडांच्या चट्ट्यापट्ट्यांच्या उजेडात दहा गुलाबी ताटल्या दिसत होत्या. डोळे कुठे, नाक कुठे, काही कळेना.

शेवंताबाईनं मग माझ्याकडे पाहिलं, नीट, पहिल्यांदाच पाहावं तसं. "मॅडम, तुमी जा बरं तिकडं. इकडं तोंड करून उभ्या राहा."

गेले. उभी राहिले. तिकडून तिचा आवाज आला, "हे पाहा. हे दिसून राह्यलं. खड्डे दिसून राह्यले, त्याच्यात डोळे दिसून राह्यले."

मडावी साहेब घाईनं म्हणाले, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटलं की नाही ते मलाच ठरवता आलं नाही. आधी कान तापले. मग हसू आलं, अन् मग दोन्ही एकदम.

२६ मार्च, बुधवार

बंटीभाऊकडे परत. म्हटलं, माझे खड्डे परत घाल.

तो संगणकावरून वळला. "लोक काढाले येतेत मॅडम. घालाले आजपर्यंत कोणी नाई आलं."

"मी आले."

मूळ फोटो लावला. माझा चेहरा त्या मोठ्या पडद्यावर, दुकानात उभ्या चार गिऱ्हाइकांसमोर. वाढदिवसाच्या बॅनरसाठी आलेला एक पोरगा लाजून दुसरीकडे पाहायला लागला. बंटीभाऊ हळूच म्हणाला, "असेच ठेवू? का थोडे…"

"अजून गडद कर."

"अजून?"

"चाळीस पावलांवरून दिसले पाहिजेत."

त्यानं केले. आता ह्या डोळ्यांत कुणी उतरू शकेल इतके खोल.

३० मार्च, रविवार

पहाटे सव्वापाचला बाया निघाल्या. मी सगळ्यात मागे. अडतीस बाया पुढे चालल्या होत्या अन् अडतीस मी मागे पाहत होते. माझ्याकडेच.

काय वाटलं ते लिहायला जमत नाही. ओशाळल्यासारखं झालं. थोडी छातीही फुगली. कुणाच्या अंबाड्यावर मी तिरकी बसलेली, एकीच्या पदराखाली माझा एकच डोळा. अन् एकही चेहरा दुःखी दिसत नव्हता. करारी दिसत होता. जी बाई उन्हात दुःखी दिसते तीच झाडीत करारी कशी दिसते?

ओळीत मागे राहिलेल्या दोघी गप्पा मारत होत्या, सासूच्या चुगल्या. दोघींच्याही मागून मी डोळे वटारून ऐकत होते.

२ एप्रिल, बुधवार

कुणीतरी मुखवटे बांधलेल्या बायांचा फोटो काढला अन् तो गावाच्या ग्रुपवर गेला. खाली लिहिलेलं: माऊलीचे डोळे लेकरांचं रक्षण करतात. हात जोडल्याच्या खुणा, फुलं, दिवे.

प्राचीचा फोन. "आई, आता नको करू ते. किती मस्त डोळे हायेत तुझे. मी स्टेटस ठेवला."

महिन्यापूर्वी विचारत होती कोणाले दाखवायचं. आता तीच सगळ्यांना दाखवून राहिली.

दादाचाही फोन. "पाहिलं? मी म्हटलं होतं."

राग आला, खूप आला. आधी बिचारी केलं, आता माऊली केलं. दोन्हीकडून मी माझ्या चेहऱ्याचं काय करायचं ते दुसऱ्यांनीच ठरवलं. मुखवट्याला खड्डे लागतात म्हणून मलाही लागतात, असं कुणी ठरवलं? हेल्मेट कडक असतं म्हणून डोकं कडक ठेवायचं का?

मुगाएवढी मलई लावली. थोडी चुरचुरते.

७ एप्रिल, सोमवार

वाघीण आली.

सकाळी साडेसहा. नाल्याकडच्या मोहाखाली सहा बाया बसून वेचत होत्या. मी पलीकडच्या बांधावर. आधी माकडं ओरडली. मग ती दिसली, बायांच्या मागे, तीस-पस्तीस पावलांवर. बसली. मान खाली. मी शिट्टी तोंडात धरली होती अन् तोंडाला कोरड पडून फुंकच येईना.

ती पाहत होती. सहाही मुखवटे तिच्याकडे पाहत होते. किती वेळ ते माहीत नाही, मला फार वाटला. मग उठली अन् वळून नाल्यात उतरली. त्यानंतर माझी शिट्टी वाजली.

मुखवट्यामुळे गेली, की पोट भरलेलं होतं, की पिल्लं नाल्यात होती म्हणून? वाघिणीला विचारायला कोण जाईल? गावाला मात्र शंका नाही. दुपारपर्यंत बारा बाया मुखवटा मागायला आल्या, ज्यांनी नाही म्हटलं होतं त्याही.

दैनंदिनीत: वाघीण दिसली, इजा नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

शेवंताबाई घरी आली. बसली, पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली. ही बाई कधी इकडचं तिकडचं बोलत नाही.

मग: "मॅडम, तुमी डोळे भरून घेऊन राह्यल्या म्हणते?"

मडावी साहेब. नक्की तेच.

"विचार आहे."

"बाया भिऊन राह्यल्या. म्हणतेत, मॅडमचे डोळे भरले तर मुखवटा खोटा होईन. वाघिणीनं तुमाले पाहिलं तसं त्याले पाहिलं. उद्या तुमी येगळ्या, तो येगळा. तिले समजन."

मी हसले नाही. हसण्यासारखं नव्हतं. तिची स्वतःची सून त्या सहा जणींत होती.

"तुमालेबी असंच वाटते का बाई?"

उठताना म्हणाली, "तुमी मोठ्या मनाच्या हाव. समजून घ्यान."

मोठ्या मनाची. हा गुलाब-नारळासारखाच अजून एक सत्कार. पण आज नीट राग येत नाही. दवाखान्यातून फोन करून आठवण दिली: २१ तारीख, येणार का? कळवते म्हटलं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पांढरी साडी, विहारात वंदना, मिरवणूक, खीर. सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. मोबाइलमध्ये आता आपोआपच गुळगुळीत होतं, बंटीभाऊचीही गरज नाही. मी त्यात तिशीची दिसते.

घरी येऊन आईचा फोटो उतरवून पुसला. दीक्षाभूमीवर काढलेला, कुणीतरी काही बोललं असेल अन् ती खदखदा हसतेय. डोळ्यांखाली दोन्ही नाल्या ठळक. आई आयुष्यभर हसली अन् लोक आयुष्यभर म्हणत राहिले, बिचारीनं किती सोसलं. तिच्या मयतीतही तेच. तिनं सोसलं, पण तेवढंच केलं नाही ना. तिला विचारायचं राहिलं की तुला हे ऐकून चीड येत होती का.

तिला मिळालं असतं तर तिनं केलं असतं का? माहीत नाही. तिला कुणी सांगितलंच नाही की ही हाडाची ठेवण आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार

बायांना ओट्यावर बोलावलं. सरळ बोलले. म्हटलं, मुखवटे तुमचेच राहतील. बंटीभाऊकडे मूळ फोटो आहे, फाटले तर त्याच डोळ्यांचे नवे छापून देईन, दर हंगामात. पाठीवरचा चेहरा तुमचा, त्यावर माझा हक्क नाही. समोरचा माझा. त्याचं काय करायचं ते मी ठरवीन. अन् वाघिणीचं म्हणाल तर ती मला पायांच्या आवाजावरून ओळखते, अकरा वर्षं झाली, बूट बदलले तरी ओळखते.

कुरकुर झाली. एक म्हातारी म्हणाली, "काही झालं तर?" मी म्हटलं, काही झालं तर पहिली मी तिथे असेन, कुठल्याही डोळ्यांनी. पटलं असं नाही. पण चेहरा कुणाचा, हे तरी त्यांनी ऐकून घेतलं.

सगळ्या गेल्या. शेवंताबाई ओट्यावर झाडू मारत राहिली, झाडण्यासारखं काही नसताना.

"मॅडम."

"बोला."

"ते पहिले पन्नास होते न, बिनडोळ्याचे. त्यातला एक मी नेला."

"कशाला?"

"असाच. सुनेच्या आरशामागं ठेवला हाये." झाडू थांबला. "सुई लय दुखते का ती?"

मग मी तिच्याकडे नीट पाहिलं, चोवीस मार्चला तिनं माझ्याकडे पाहिलं तसं. तिच्या डोळ्यांखालीही दोन नाल्या आहेत. अकरा वर्षं तिच्याशी बोलते आहे अन् मला कधी दिसल्याच नव्हत्या. मीही तिला दुःखी बाईच समजत आले असेन का? विधवा नाही, नवरा आहे, पोरं धडाची आहेत. तरी समजत आले असेन.

"माहीत नाही बाई. आल्यावर सांगते."

"खरं सांगजा. मोठं मन करून नका सांगू."

२१ एप्रिल, सोमवार. चंद्रपूर, दवाखान्याचं बाकडं

११.२०. नंबर पुढचा. फॉर्म मांडीवर. नजरेचं कलम चौथं आहे, तीन ओळींत. दोनदा वाचलं. सही बाकी.

पिशवीत दोन मुखवटे. गुळगुळीत दाखवून म्हणणार आहे, एवढं नको, ह्याच्या अर्धंही नको. कुणी विचारू नये एवढंच पाहिजे.

समोर एक म्हातारे बाबा बसलेत, हाताच्या खरजेसाठी आलेले. मघापासून पाहत होते. आता बोललेच.

"बाई, कोणाचं काही झालं का जी?"

"नाही बाबा. माझंच काम आहे."

"चेहरा उतरला दिसला म्हणून विचारलं."

पिशवीतून दुसरा मुखवटा काढला, गडद खड्ड्यांचा, अन् त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, हा उतरलेला नाही बाबा. ह्याला पाहून वाघीण मागे फिरली. त्यांनी मुखवट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मुखवट्याकडे.

"तुमीच हाव का ह्या?"

"हो. अजून तरी."

आतून नाव पुकारलं. सही अजून केली नाही. फॉर्म अन् पेन दोन्ही घेऊन आत जाते आहे.